रुद्रवीरच्या डोक्यावर कावळा बसला

दिपाली भाकरी थापता थापता रडत होती. एक थेंब परातीत पडला तो मी पाहिला, आणि माझ्या तोंडाला काही कुलूप नाही. मीठ महाग झालंय म्हणून डोळ्यातलं घालतीस व्हय गं, म्हटलं. बायका हसल्या. तव्यापाशी तिची आई बनाबाई होती, ती पण हसली. पोरगी नाही हसली. कोण मेलं विचारलं तर रुद्रवीर म्हणाली. तो सिनेमातला. काल गेला म्हणे. मी विचारलं, तो तुझ्या मामाकडचा का आत्याकडचा? त्याच्यासाठी त्याच्या घरचे रडतील, तू पीठ मळ.

ती उठली. हात धुवायला म्हणून मोरीकडे गेली आणि परत आली नाही. तेव्हा साडेनऊ वाजले असतील. मला वाटलं, रुसली असेल, सतरा वर्षांची पोर आहे, दुपारी भूक लागली की येईल. बनाबाईलाही तसंच वाटलं. मायलेकी कुंभारीला कामगारांच्या घरात राहतात, मूळच्या सांगोल्याकडच्या. पोर तीन वर्षांची असतानाच तिचा बाप बाळासो गेला. दोघी रोज सकाळी सातला सोलापुरात माझ्याकडे येतात, मला अव्वा म्हणतात.

आमचं काम कडक भाकरीचं आणि शेंगाच्या चटणीचं. दोन चुलींवर मी सुरू केलं, आता अकरा बायका आहेत आणि माझी भाकरी पुण्यामुंबईला जाते. मी तिसरी शिकलेली, पण माझ्या भाकरीला आजवर कुणी नाव ठेवलं नाही.

दहा वाजून गेल्यावर माझी नात महेश्वरी माडीवरून खाली आली. चेहरा राखेसारखा. मला बाजूला घेऊन गेली, चटणीच्या खोलीत, आणि दार लावलं.  मही घाबरणारी पोर नाही. ती बापाला भीत नाही, मला तर त्याहून नाही.

‘आज्जी, रुद्रवीर नावाचा माणूसच नाही,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही म्हणजे, मेला ते ऐकलं की मी. तर म्हणाली, मेला नाही, तो कधी नव्हताच. मग तिनं जे सांगितलं ते मला दोनदा विचारावं लागलं.

मही कॉलेजात पेपर आणि टीव्हीचं काम शिकते. तिनं आणि तिच्या वर्गातल्या दोघा पोरांनी आठ महिन्यांपूर्वी हा माणूस तयार केला. तोंड कम्प्युटरवर बनवलं. नाव ठेवलं, सिनेमे ठेवले, जे कुणी काढलेलेच नाहीत. आणि मग त्याच्या बातम्या सोडायला लागले. रुद्रवीरला शिंक आली. रुद्रवीर आधी डाव्या पायात चप्पल घालतो. रुद्रवीर कांदा चिरताना रडला. नटनट्यांचं काहीही छापतात आणि लोक काहीही वाचतात, हे दाखवायचं होतं म्हणे. तर त्याचा कांदा दोन पेपरात आला, एका चॅनेलवर आला. त्याचा वाढदिवस यांनी कॉलेजला सुट्टी होती तो दिवस बघून ठरवला, तर त्या दिवशी कुंभारीच्या चौकात ह्या एवढा फ्लेक्स, खाली अठ्ठावीस शुभेच्छुकांचे फोटो, गळ्यात साखळ्या घातलेले. तो फ्लेक्स मी जाता येता पाहिला होता. असेल कोणीतरी, म्हणून सोडून दिलं होतं.

आता ह्या खेळाचा शेवट करायचा, म्हणून त्यांनी त्याला काल मारला. शूटिंगला अपघात. अंत्यदर्शन आज दुपारी बाराला, त्याच्या आजोळच्या शेतात, वळसंगला.

‘वळसंगला कुणाच्या शेतात?’ मी विचारलं.

ती खाली बघायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या शेतात. लिंबाला एक बोर्ड टांगला होता, वरून कापड टाकून. बरोबर बाराला कापड ओढायचं. बोर्डावर लिहिलं होतं, ‘इथं कोणी नव्हतंच. तुम्ही कुणासाठी रडताय?’ आणि लोकांची तोंडं कॅमेऱ्यात घ्यायची.

मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, ‘मला नंतर शिव्या दे. आधी हे बघ.’

एक मुलगी त्या रुद्रवीरला रोज मेसेज करत होती. ‘रुद्रची राणी’ असं नाव, खरं नाव कुठंच नाही, तोंड कुठंच नाही, नुसते फुलांचे फोटो. आणि ही तिघं त्याच्या नावानं पाळीपाळीनं सगळ्यांना उत्तरं द्यायची. तिलाही द्यायची. जेवलीस का. आज दमलीस का. शांत झोप. आठ महिने. महीला ते फार काही वाटलं नव्हतं. शंभर जणींना तेच लिहायचे, म्हणाली. आणि आता त्या पोरीचा मेसेज आला होता, दहा मिनिटांपूर्वी. महीनं मला वाचून दाखवला.

‘तुमी न्हाय तर मी राहून काय करू. तुमाला ठेवलंय तितंच येते.’

‘आज्जी, ही कोण आहे, कुठली आहे, मला काहीच माहीत नाही. तिला सांगितलं की तो नव्हताच, तर ती... आणि नाही सांगितलं तर... फोन लागत नाही. मेसेज बघत नाही.’

तिनं एकेक फोटो सरकवले. गुलाब, जास्वंद, परत गुलाब. मग एक भाकरी. खाली लिहिलं होतं, तुमच्यासाठी केली. मी म्हटलं थांब.

भाकरीच्या कडेला बोटं उठतात. थापताना प्रत्येकीचा हात वेगळा फिरतो. माझ्या अकराजणींच्या भाकऱ्या एकावर एक रचून ठेवा, कुणाची कुठली ते मी सांगते. त्या फोटोतल्या भाकरीच्या कडेला तीन तीन बोटांचे ठसे होते आणि चौथ्याच्या जागी नुसती सपाटी. करंगळी टेकतच नव्हती. दिपालीची उजवी करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली आहे.

 पिंपाला धरून उभी राहिले.

वळसंगच्या आमच्या शेतात विहीर आहे. चाळीस हात खोल, कठडा नाही. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ शिवबाई त्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले आणि मीही तसंच म्हणत आले. त्या दिवशी सकाळी तिच्या हातून ताक सांडलं होतं. मी चार बायकांत बोलले होते तिला. काय बोलले ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे, कुणाला सांगितलेलं नाही, इथंही लिहीत नाही.

मी संगमेशला, माझ्या मुलाला, टेम्पो काढायला सांगितलं. बनाबाईला म्हटलं, चल, बस. तिनं विचारलं कुठं, म्हटलं पोरीला आणायला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. हाताला पीठ तसंच होतं तिच्या.

अक्कलकोट रस्त्याला लागलो. मही सारखी त्या दोघा पोरांना फोन लावत होती. उचलत नव्हते. त्यांनी मोबाईल कॅमेऱ्यासारखे लावून ठेवले असणार, म्हणाली. कापड ओढू नका, एवढं त्यांना कळायला हवं होतं. बोर्ड उघडला आणि दिपालीनं वाचला, तर? मी विचारायचं तर महीच विचारत होती, पुन्हा पुन्हा. संगमेश एकदाच बोलला, ‘तुला शिकायला पाठवलं की आम्ही.’  कुंभारीला थांबलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दिपाली आली होती, दिवाळीचा पिवळा ड्रेस घालून वळसंगच्या जीपमध्ये बसली, लगीन हाय का कुणाचं? बनाबाई रस्त्यातच खाली बसली. तिला दोघींनी उचलून टेम्पोत घातलं.

पुढं तिला सगळं सांगावं लागलं. तिला अर्धंच कळलं. म्हणाली, ‘जेवली का म्हणून विचारायचा व्हय तो? मी कामानं मरते हो अव्वा, मला न्हाय सुचत विचारायला.’  महीनं तोंड खिडकीकडे वळवलं.

पावणेबाराला पोचलो. एप्रिलचं ऊन, ज्वारी काढलेलं रान, धसकटांत शंभर दीडशे पोरं उभी. हार होते, मेणबत्त्या होत्या, त्या उन्हानंच वाकल्या होत्या. काही पोरी खरंच रडत होत्या. काही मोबाईल समोर धरून रडत होत्या. सगळ्यांची तोंडं लिंबाकडे. आमचं शेत बघणारा बिरुदेव काठी घेऊन इकडून तिकडं धावत होता, मला बघून म्हणाला, अव्वा, ही कुणाची माती हाय, मला कुणी सांगंना, आणि ही समदी हिरीकडं सरकाय लागल्यात.

विहिरीवर मोटेचा जुना दगड आहे, आत झुकलेला. त्याच्यावर पिवळा ड्रेस दिसला. पाय आत सोडलेले.

बनाबाई ओरडणार होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. महीला लिंबाकडे पिटाळलं, पळू नको, चालत जा, कापड धरून ठेव. संगमेशला म्हटलं, गर्दी हिकडं येऊ देऊ नको. आणि मी निघाले.

चाळीस पावलं असतील. आयुष्यात मला कशाची भीती वाटली नाही असं मी लोकांना सांगत असते. त्या चाळीस पावलांत मला माझ्या जिभेची भीती वाटली. चांगलं बोलायची सवयच नाही तिला. खरं सांगावं, की बाई गं, तो नव्हताच, तर तिला आठ महिने जेवलीस का म्हणून विचारणारं कुणी नव्हतंच असं होतं. ते म्हणजे मीच पाठीमागून हात लावण्यासारखं. खोटं सांगावं तर काय सांगावं? मेलेला माणूस कसा परत आणायचा? विहिरीच्या पाइपावर एक कावळा बसला होता, पाण्याकडे मान वाकडी करून. मी त्याच्याकडे बघतच चालत होते.

तिच्यापासून चार हातांवर खाली बसले. माती तापली होती. तिनं मागं न बघताच ओळखलं.

‘अव्वा, आता बोलू नका मला.’

‘बोलत न्हाय,’ मी म्हटलं. ‘सांगायला आले. मेला न्हाय तो.’

ती हलली नाही. पायाखालून एक खडा सुटला आणि लई वेळानं पाण्याचा आवाज आला.

‘डोक्यावर कावळा बसला त्याच्या,’ मी म्हटलं. ‘शूटिंगला. कावळा बसल्यावर काय करत्यात, तुला ठावं हाय.’

आमच्याकडे कुणाच्या डोक्यावर कावळा बसला, की मरण त्याला बघून गेलं असं समजतात. मग तो मेला असा खोटा निरोप नात्यात धाडायचा. नातेवाईक खरं समजून रडले, की मरण फसतं आणि परत फिरतं. माझ्या चुलत्याचं असंच झालं होतं. अक्कलकोटहून तार आली, आईनं ऊर बडवून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी चुलता दारात, हातात केळ्यांचा फणा. पुढं एकवीस वर्षं जगला.

मी तिला चुलत्याचं सांगितलं. ती ऐकत होती ते मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

‘आमच्या आज्ज्याचं बी केलं हुतं,’ ती हळू म्हणाली. मग म्हणाली, ‘पण ती मोठी माणसं. ती असलं मानत्यात व्हय?’

‘जेवढं मोठं तेवढं जास्त भेतं मरणाला.’

‘तुमाला कुणी सांगितलं?’

‘महीनं. ती पेपरचं शिकती, तिला आतलं कळतं. म्हणून तर पळत आले. गुडघे बघ माझे.’

तिनं मान वळवली. डोळे सुजून बारीक झालेले. ‘मग हे समदे रडत्यात ते?’

‘रडणं खरं लागतं. त्याबिगर मरण फसत न्हाय.’

‘माझं बी लागलं का?’

‘तुझंच लागलं,’ मी म्हटलं.  ‘ये हिकडं. माझ्याच्यानं उठवत न्हाय आता. हात दे.’

तिनं हात दिला. करंगळी माझ्या तळव्याला टोचली. मी धरला तो बिरुदेव मागून येऊन तिला काखेत धरून ओढेपर्यंत सोडला नाही. बनाबाईनं आधी तिच्या पाठीत गुद्दा घातला आणि मग तिच्यावरच पडली. पिवळ्या ड्रेसवर पिठाचे हात उठले.

हे सगळं कुणीतरी मोबाईलवर घेत होतं. कुठलं पोर ऐकू येईल इतकं जवळ आलं होतं, मला दिसलं नाही. मला एवढंच दिसलं, की लिंबाखाली मही दोन्ही हात पसरून कापड बोर्डाला दाबून उभी आहे आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. सगळी तोंडं माझ्याकडे वळली होती. कुणीतरी म्हणालं, जित्ता हाय. मग सगळेच म्हणायला लागले. हार वर फेकले. एक पोरगी माझ्या पाया पडली.

संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांच्या मोबाईलवर होते. एका चॅनेलनं मला त्याची सख्खी आजी केलं. फोन यायला लागले, रुद्रवीर लहानपणी काय खायचा. महीबरोबरची दोन पोरं घरी आली, म्हणाली, आता तरी खरं सांगून टाकू, ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, कुणी एक शब्द लिहिला तर मी तुमच्या आईबापाकडे येईन, आणि मी आलेली त्यांना परवडणार नाही.

दिपालीला माझ्या घरी ठेवली, माझ्याच खोलीत. संगमेश तिला मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्या म्हणाल्या, एकटी सोडू नका. खरं एक दिवस सांगावंच लागेल, पण घाई करू नका, तिच्या पायाखाली आधी जमीन येऊ द्या. दर आठवड्याला तिला बोलावतात. ती जाते. काय बोलते ते मी विचारत नाही.

‘किती दिवस जिवंत ठेवायचा त्याला?’ महीनं विचारलं. ती अर्धी झाली होती.

मी म्हटलं, लेकराचं दूध तोडताना आई घर सोडून जात नाही. अंगाला कडुलिंब लावते. लेकरू तोंड लावतं, तोंड वाकडं करतं, चार दिवसांनी आपणच वाटीकडे वळतं. ह्याला कडू कर.

तेव्हापासून रुद्रवीर काय करतो ते मी सांगते आणि मही लिहिते. त्याची दाढ काढली. त्याचं पोट सुटलं, कम्प्युटरवर तेही सुटतं. त्याचं भावाशी बांधावरून भांडण झालं. केस गळायला लागले. रात्री घोरतो म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली. दिपालीला उत्तरं कमी केली, दोन दिवसाआड एक, मग चार दिवसाआड. आणि बनाबाई तिला जेवायला वाढते, समोर बसून. बोलत काही नाही, पण बसते. लोकांचं म्हणाल तर त्यांनी दाढेचीही बातमी केली.

मग काल त्याचं लग्न लावलं. नवरी साधीसुधी, महीनं बनवलेली, दात थोडे पुढं. सकाळी अकराला फोटो सोडला.  मी मोरीचं दार काढून ठेवायला लावलं होतं. माडीच्या जिन्याला कुलूप घातलं होतं. दिपाली भाकरी थापत होती. मोबाईल वाजला, तिनं हात पुसून बघितला. लई वेळ बघितला. बनाबाईचा उलथनं धरलेला हात तव्यावर तसाच थांबला, भाकरी करपली, कुणी बोललं नाही. मी पण नाही.

‘हिच्यापरीस मी बरी हाय की,’ दिपाली म्हणाली.

मोबाईल पालथा ठेवला आणि पुढचा गोळा घेतला. थोड्या वेळानं म्हणाली, आये, भाकरी जळाली बघ. दुपारी दीड भाकरी खाल्ली, चटणी मागून घेतली. मी जिन्याचं कुलूप काढलं नाही. पण श्वास घेतला.

आज सकाळी मही खाली आली. मोबाईल माझ्यापुढं ठेवला. लग्नाच्या फोटोखाली तीन हजार लोकांनी लिहिलंय, म्हणाली, शुभेच्छा, हार, फटाके. तसली चित्रं. मग तिनं एक मेसेज उघडला. नाव काहीतरी फुलाचं. फोटोत पण फूल.

‘तुमी असं का केलं. आता मी काय करू ते सांगा.’

मी विचारलं, कुठली आहे. मही म्हणाली, कळत नाही आज्जी. रात्रीच आलाय हा. सोलापूरचीच असेल असंही नाही. महाराष्ट्रातली कुठलीही असेल. दोन लाख सहा हजार जण आहेत त्याच्या मागं.

काय लिहू, तिनं विचारलं. मी तिला म्हटलं, आधी विचार, बाई, गाव कुठलं, घरात कोण कोण आहे. तिनं लिहिलं. संगमेशला सांगितलं, आज बाजारात जाऊ नको, टेम्पो दारात ठेव.

तेव्हा आठ वाजले होते. आता साडेबारा होत आलेत. ताटं घेतलेली नाहीत. आम्ही दोघी चटणीच्या खोलीत मोबाईल मधे ठेवून बसलोय. तिकडून कुणी अजून वाचलेलंही नाही.